मिश्री न लावलेले तोंड

मी स्वतःच्या हाताने जन्मात कधी मिश्री लावलेली नाही. हे वाक्य सर्वांत आधी लिहिते, कारण माझ्या आजाराबद्दल ठाण्यापासून कल्याणपर्यंत जे बोलले जाते ते नेमके उलट आहे. माझ्या टाळूला काळा डाग पडला, तो कर्करोगाचा निघाला, अर्धी टाळू आणि उजवीकडचे वरचे दात काढावे लागले. हे सगळे खरे. ते मिश्रीमुळे झाले, हे खोटे. खोट्याचा फायदा आपल्या बाजूला होत असला तरी ते खोटेच राहते.

ऑपरेशनला आता दुसरे वर्ष सरत आले. मी जिवंत आहे आणि शाळेत शिकवते आहे. बरी झाले असे छातीठोकपणे म्हणत नाही, कारण डॉक्टरही म्हणत नाहीत. पण ज्यांच्या घरात असा आजार शिरला आहे त्यांना उपयोगी पडेल असे थोडेफार मला कळले आहे. मी पडून होते तेव्हा काहीतरी वाचायला द्या म्हटले, तर कुणी पोथी आणली, कुणी काढ्याची जाहिरात. म्हणून हे लिहिणे.

पत्रकांवर वाढलेली

आमचे घर कल्याणला पारनाक्यापाशी. वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती, आणि तिच्यात वीस-पंचवीस वर्षांची पत्रके. मिठाची, परदेशी कापडाची, हुंड्याची, विहिरी सर्वांना खुल्या करण्याची, बेचाळीसची चोरून छापलेली. मी अक्षरे शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ती या ट्रंकेवर. त्यामुळे माझी एक समजूत पक्की झाली होती. प्रत्येक दुःखाला कारण असते, कारणामागे कुणीतरी असतो, आणि त्याचे नाव ठळक टाइपात छापले की अर्धे काम झाले.

मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागल्यावर मी स्वतः पत्रके लिहू लागले. माझा मामेभाऊ भास्कर याचा ठाण्याला जांभळी नाक्याजवळ पायाने चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि दुकानांची बिले छापून तो पोट भरी, आणि उरल्या वेळात माझी पत्रके छापी. त्यातले सर्वांत गाजलेले होते, ‘दारूबंदी झाली, मिश्रीबंदी कधी?’

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. बायका ती सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर घासतात. पुरुषाने बिडी ओढली तर ते व्यसन, आणि बाईने मिश्री लावली तर ते दात घासणे, या ढोंगाची मला चीड होती. चिडीला घरचेही कारण होते. माझी आई मिश्री लावते. आमचे भांडण रोज सकाळी मागच्या पायरीवर होई. तोंडात बोट असेपर्यंत आई ऐकून घेई, चूळ भरून आली की उत्तर देई.

"तुझी पत्रकं वाचून कुणाचं डोकं दुखायचं थांबलंय का गं? मिश्रीनं माझं थांबतं."

"तिनंच दुखतं आणि तिनंच थांबतं."

"मग झालं की. हिशेब घरातल्या घरात मिटला."

कोलशेतची सभा

ते पत्रक घेऊन आम्ही गावोगाव जात होतो. कोलशेतला शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या, कुणी मिठागरावरून आलेल्या, कुणी शेतावरून. मला सभेत मोठ्याने बोलायची सवय. ‘हे विष आहे’ म्हणताना मी तोंड चांगले उघडत असणार. पुढे बसलेली चंद्रभागा नावाची एक बाई माझ्याकडे मान वाकडी करून पाहत होती. तिने हात वर केला.

"बाय, थांब जरा. तोंड उघड बगू परत."

"कशाला?"

"उघड तं."

मी उघडले. ती उठून जवळ आली, खालून वर वाकून पाहिले, आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "हिचे तोंडान तं आमच्यापरीस काला हाय."

बायका हसू लागल्या. एकजण म्हणाली, "आपुन दातांला लावताव. ही शिकलेली, ही टालूला लावते. कुनाला दिसाला नको."

"दुकान कंचा गो? आमाला पन सांग."

मी संतापले. मीठ मागवले, राख मागवली, आणि सगळ्यांच्या समोर बोट आत घालून टाळू घासली. बोट बाहेर काढले तर त्यावर काळे काही नव्हते. थोडे रक्त होते. डाग होता तसाच आहे, असे चंद्रभागेने पुन्हा पाहून जाहीर केले. भास्करने पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि मला दंडाला धरून तिथून काढले. माजिवड्यापर्यंत आम्ही पायी आलो. वाटेत तो एकदाच बोलला.

"शालू, खरं सांग. घेतेस का चोरून?"

मी त्याच्याशी कल्याणला पोचेपर्यंत बोलले नाही.

घरी अण्णांचा दाढीचा आरसा घेतला आणि खिडकीपाशी उन्हात तोंड धरले. स्वतःची टाळू पाहणे सोपे नसते, माणूस जन्मभर ती न पाहता राहू शकतो. तिथे निळसर काळा डाग होता, टिपकागदावर शाई फुटावी तशा वेड्यावाकड्या कडांचा. दुखत नव्हता. काही आठवड्यांपासून जिभेला तिथे खरखर लागत होती खरी, पण चहाने भाजले असेल म्हणून सोडून दिले होते. मी आईला हाक मारून दाखवला. तिने आरसा बाजूला केला, माझी हनुवटी धरून पाहिले, आणि आत निघून गेली. मला वाटले, मनातून खूश झाली असेल. मिश्री न लावणारीचे तोंड काळे झाले, याहून तिला दुसरे काय हवे?

दाखला

माझ्या डोक्यात आजार नव्हता, आरोप होता. आरोपाला उत्तर छापून द्यायचे असते. म्हणून मी ठाण्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्क, हळू बोलणारे गृहस्थ होते. मी खुर्चीत बसण्याआधीच सांगितले, "मला दात दाखवायचे नाहीत. मी मिश्री लावत नाही असा दाखला हवा आहे. तुमच्या सहीचा. आम्ही तो छापणार आहोत."

ते हसले. "असा दाखला आजवर कुणी मागितला नाही. बसा."

त्यांनी दिवा ओढला, छोटा आरसा आत घातला. मग हसणे थांबले. त्यांनी बोटाने डाग दाबला, हिरडी पाहिली, माझ्या जबड्याखाली आणि मानेवर दोन्ही बाजूंनी बराच वेळ चाचपले. डाग कधीपासून आहे, रक्त येते का, असे विचारले. मग हात धुवायला गेले आणि पाठमोरे उभे राहून म्हणाले, "ही मिश्री नव्हे."

मी भास्करकडे पाहिले. तो दारात उभा होता. त्या क्षणी मला फार आनंद झाला, तो मी इथे लपवत नाही.

"मग लिहून द्या," मी म्हटले.

"देतो. पण छापू नका इतक्यात. आधी मुंबईला जाऊन हे दाखवा. उद्याच जा."

"मिश्री नाही ना? मग मुंबईला कशाला?"

ते टॉवेलने एकेक बोट पुसत राहिले. "मिश्री असती तर बरं झालं असतं, बाई."

पत्रकात ‘कर्करोग’ हा शब्द मी ठळक टाइपात कितीदा तरी वापरला होता. तो मला त्या खोलीत उच्चारता येईना. भास्करने उच्चारला. डॉक्टर म्हणाले, "असू शकतो. मी दातांचा डॉक्टर आहे, माझ्या तोंडून पक्कं नाव घेऊ नका."

रस्त्यावर आल्यावर भास्करने रसवंतीत नेऊन मला उसाचा रस पाजला आणि स्वतः घेतला नाही. मी त्याला म्हटले, "तू माझ्यावर संशय घेतला होतास." तो म्हणाला, "हो. आत्ता भांडायचं असेल तर भांड."

कारण नसलेला शत्रू

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो तपासून येईपर्यंत मी एका जागी बसू शकत नव्हते. शाळेत फळ्यापासून दारापर्यंत फेऱ्या, घरी ओसरीवर फेऱ्या. अण्णा म्हणत, "बस की गं." मी बसे आणि पुन्हा उठलेली असे. ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना सांगते, या दिवसांत शांत राहा असा उपदेश कुणी केला तर तो मनावर घेऊ नका. शांत राहता येत नाही, आणि न राहिल्याने आजार वाढत नाही. मी विचारून घेतले आहे.

निकाल सांगायला सर्जन स्वतः आले. माझ्याबरोबर अण्णा होते. रोगाचे नाव मेलॅनोमा. अंगाला काळा रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. आपल्या लोकांत तो झालाच तर बहुधा तळपायाला होतो, तोंडात आपण फार थोडे पाहिले, असे ते म्हणाले.

"कशामुळे होतो?" मी विचारले.

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, की कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"मी मिश्री लावत नाही."

"लावत असतात तरी मी हेच सांगितलं असतं. तंबाखूनं होतो तो निराळा. तो वाईटच असतो, पण तो हा नव्हे."

मला त्यांचा राग आला. गिरणीमालक नाही, सावकार नाही, तंबाखूचा व्यापारी नाही, सरकारसुद्धा नाही. मग मी कुणावर ओरडू? पंचवीस वर्षे ज्या पद्धतीने जग समजून घेतले, ती पद्धत त्या खोलीत निकामी झाली.

मग त्यांनी काय कापावे लागेल ते सांगितले. टाळूचा निम्म्याहून मोठा भाग, वरच्या जबड्याचे हाड, उजवे दात. तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहील. ते बंद करायला प्लेट बनवतील, कवळीसारखी, काढ-घाल करायची. प्लेट नसताना पाणी नाकातून येईल आणि बोलणे कुणाला कळणार नाही. प्लेट घातल्यावर कळेल, पण पहिल्यासारखे नाही.

"मी शिक्षिका आहे," मी म्हटले. "सभेत बोलते."

"ऐकलं आहे," ते म्हणाले. बहुधा अण्णांनी सांगितले असावे. "ऑपरेशन नाही केलं तर थोडे महिने आवाज चांगला राहील. मग आवाजही नाही आणि तुम्हीही नाही. केलं तरी मी हमी देत नाही. संधी देतो."

या सरळपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे. डॉक्टर गोड बोलत असेल तर त्याला दोनदा विचारा.

घरी आल्यावर अण्णांनी खाटेखालची ट्रंक ओढली आणि संध्याकाळभर पत्रके उलटत बसले. काय शोधता म्हणून विचारले तर म्हणाले, "याच्यावर कुणी कधी काही लिहिलंय का, बघतो." कुणी लिहिले नव्हते. आई चुलीपाशी बसली होती. तिने एकच विचारले, "दुखेल का?" मी हो म्हटले. ऑपरेशन करायचे, हे मी त्या दोघांना त्याच वेळी सांगितले.

ऑपरेशनआधी मी दोन गोष्टी केल्या. भाजलेले चणे, चिक्की, कडक भाकरीचे पापुद्रे, जे जे कडक आहे ते खाल्ले. आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचले, जे हाती येईल ते, पंचांगसुद्धा. ट, ठ, ड, ढ, ण म्हणताना जीभ वर लागते ती जागा मला सोडून जाणार होती. मी मुलींना ही अक्षरे शिकवते. ती तोंडात घोळवून ठेवावीत अशी काहीतरी वेडी कल्पना असेल.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ थर्मामीटरने उजाडते. मग आया फरशी पुसते, मग सिस्टर जखमा धुते, मग डॉक्टरांची फेरी, आणि त्यानंतर दिवस संपता संपत नाही. भेटीची वेळ संध्याकाळची. आई कल्याणहून लवकर येई आणि फाटकाबाहेर बसून राही. आत आली की खाटेपाशी जमिनीवर बसे. माझ्या नाकात दूध आणि पेज घालायची रबरी नळी होती, चेहऱ्याची एक बाजू सुजून परक्या बाईची झाली होती. आई माझ्या पायाच्या अंगठ्याला धरून बसे. तिच्या हाताला मिश्रीचा वास नव्हता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

बोलायची बंदी होती, म्हणून मला पाटी दिली होती. माझ्या शेजारच्या खाटेवर नाशिककडची एक बाई होती, सखूबाई. तिच्या गालाच्या आत कर्करोग झाला होता, आणि तो तंबाखूचाच. मी मिश्री कधी लावली नाही हे कळल्यावर तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"कधीच नाही?"

मी मान हलवली.

"मग गं माय, तू तर फुकटच आलीस. मी निदान मजा करून आले."

मला हसू आले आणि टाके ओढले गेले. त्या वॉर्डात माझ्यावर झालेला तो सर्वांत मोठा उपकार. बाकीचे सगळे येऊन ‘देवाची इच्छा’ म्हणून जात.

जखम भरल्यावर मला प्लेट बसवायला शिकवले. पहिल्या दिवशी प्लेट न लावता पाणी प्यायले आणि सगळे नाकातून पदरावर आले. मी रडू लागले. सिस्टर खडूस होती. ती म्हणाली, "रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. प्लेट घातल्यावर रडलीस तर घट्ट बसत नाही." मी रडणे उरकले आणि प्लेट घातली. पहिला शब्द ‘पाणी’ बोलले. तो ‘माणी’सारखा ऐकू आला. सखूबाई म्हणाली, "कळलं, कळलं. पाणी दे गं तिला."

भास्करचे प्रूफ

मी पाटीवरच होते तेव्हाची गोष्ट. भास्कर भेटीला आला तो कागदाची सुरळी घेऊन. प्रूफ होते. मथळा असा होता, ‘मिश्रीने माझी टाळू खाल्ली: एका शिक्षिकेचे भगिनींना आवाहन’. खाली माझे नाव.

मी पाटीवर लिहिले, ‘खोटे.’

"ऐकून तर घे," तो खाली वाकून बोलू लागला. "कोलशेतला बातमी गेलीय. त्या बायकांना वाटतंय की तू लावत होतीस म्हणूनच तुला झालं. चंद्रभागेनं मिश्री सोडली. तिच्या सुनेनं सोडली. आपण वर्षभर घसा फोडला, एकीनं सोडली नव्हती. हे एक पत्रक निघालं तर शंभरजणी सोडतील."

‘मला मिश्रीने झाला नाही.’

"तंबाखूनं कर्करोग होतो हे खरं आहे ना? ही शेजारची बाई बघ. मग त्यांच्यासाठी काय फरक पडतो?"

‘मला पडतो.’

"तुझा मोठेपणा हाच. बायका मरू देत, शालूचं सत्य जगू दे."

त्याचा मुद्दा कच्चा नव्हता. तो बोलत होता आणि मी खडूने लिहीत होते, त्यामुळे प्रत्येक वेळी तो दोन वाक्ये पुढे असे. तोंड असते तर मी त्याला भिंतीला टेकवले असते. मी पाटी पुसली आणि सावकाश लिहिले, ‘उद्या त्यांना खरे कळले की आपले खरेही त्या ऐकणार नाहीत.’ आणि प्रूफवर, मथळ्यापासून नावापर्यंत, एक रेघ ओढली.

तो कागद घेऊन निघून गेला. पुढच्या भेटीला आला तेव्हा मोसंबी घेऊन आला आणि त्या विषयावर बोलला नाही. पत्रक त्याने छापले नाही. हे लिहिणे तोच छापतो आहे, आणि वरचा मजकूर त्याने वाचला आहे.

घर

घरी आल्यावर जे कळले ते थोडक्यात लिहिते. प्लेट रोज जेवणानंतर काढून धुवा, नाहीतर वास येतो आणि तुम्हाला तो कळत नाही, दुसऱ्याला कळतो. वरणभात घट्ट कालवा, पातळ पदार्थ जास्त दगा देतात. आरशात पाहायला पहिल्या दिवसापासून शिका. आणि घरच्यांनी दाखवलेली दया मर्यादेत घ्या. ती गोड असते आणि माणसाला मुकी करते.

आमच्याकडे तसेच झाले होते. मी काही बोलले की सगळे मान डोलवत. अण्णा ‘हो हो’ म्हणत. शेजारणी ‘बरोबर आहे’ म्हणत. मी मीठ मागितले की कुणी ताक आणून देई. कळले नाही असे कुणी म्हणत नसे. शाळेतल्या मुली बऱ्या. त्या पहिल्या दिवशी हसल्या, आणि नंतर ‘बाई, पुन्हा सांगा’ म्हणू लागल्या.

आई मिश्री लावत नाही, हे मला घरी आल्यावर कळले. मागची पायरी सकाळी मोकळी असे. आई डोक्याला फडके घट्ट बांधून वावरे, पोट साफ होत नाही म्हणून सुंठ उगाळून घेई, भांडी आदळी. मला वाटले, जिंकले. पत्रकाने नाही तर आजाराने, पण जिंकले. एका दुपारी मी तिला म्हटलेही, "चांगलं केलंस सोडलीस ते."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तू सात वर्षांची होतीस," ती म्हणाली. "दाढ किडली होती. नुसती किंचाळत होतीस. लवंग झाली, हिंग झाला. मग मी चिमूटभर मिश्री दाढेशी दाबून धरली. तुझी रड थांबली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली."

"बरं मग?"

"मग काय? ती जाणार कुठे? वर टाळूलाच लागली असणार. इतकी वर्षं आत बसून राहिली आणि आता निघाली. तू आरशात दाखवलंस तेव्हाच मी ओळखलं."

दाढदुखीला चिमूटभर मिश्री धरणे आमच्याकडे घरोघर चालते. त्यात तिला कधी काही गैर वाटले नव्हते. पण त्या डागाकडे पाहिल्यापासून ती मनाशी म्हणत होती, की आपण पोटच्या पोरीच्या तोंडात आपल्या बोटाने रोग ठेवला.

मला काय करायला हवे ते स्पष्ट होते आणि मला ते नको होते. गप्प राहिले तर आई मिश्रीपासून सुटत होती. भास्करला मी पाटीवर ठणकावून नाही म्हटले, ते परक्या बायकांच्या बाबतीत. इथे आई होती, आणि वॉर्डात सखूबाईचा गाल मी पाहिला होता. पण आई ज्या किमतीत सुटत होती ती पाहून मला तिथे बसवेना. मी तिचे सूप बाजूला सारले.

"आई, त्या मिश्रीनं झालं नाही. हा रोगच वेगळा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"माझ्या समाधानासाठी म्हणतेस."

"मी कधी तुझ्या समाधानासाठी काही म्हटलंय का?"

तिला पटले नाही. म्हणून पुढच्या तपासणीला मी तिला बरोबर घेऊन गेले. सर्जनांनी माझी मान चाचपली, प्लेट काढून आत पाहिले, नवे काही नाही म्हणाले. मी आईला पुढे केले. ती उभ्या उभ्याच बोलली. दाढ, चिमूट, दोन दिवस, सगळे. सर्जनांनी पेन खाली ठेवून ऐकून घेतले.

"त्या चिमटीचा याच्याशी काही संबंध नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. कशानं झालं ते मला सांगता येत नाही, पण त्यानं नाही. तुम्ही काही केलेलं नाही, बाई." मग म्हणाले, "पण मिश्री लावू नका. तुमच्या मुलीला तिनं झालं नाही, तुम्हाला होऊ शकतो."

"सोडलीय," आई म्हणाली. बाहेर बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी रडली, की पलीकडच्या एका माणसाने आमचे कुणी गेले का असे विचारले. मी नाही म्हटले. त्याला बहुधा कळले नाही, त्याने मान डोलवली.

कोलशेतलाही मी जाऊन सांगून आले. चंद्रभागा म्हणाली, "मंग तुला कशान झाला?" माहीत नाही म्हटले. "डाक्तरला पन नाय?" नाही. तिने पुन्हा लावायला सुरुवात केली की नाही, हे मी विचारले नाही. तिच्या सुनेने मात्र आमच्या पुढच्या सभेला येईन म्हटले.

पुढे काही आठवड्यांनी शाळेतून परत आले तर घरात वास भरला होता. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास कुणाला ओळखावा लागत नाही. मागे गेले. आई पायरीवर बसली होती, तोंडात बोट, डोक्याचे फडके सोडलेले. माझे भानच सुटले. सखूबाईचा गाल, सर्जनांचे शब्द, आईचे रडणे, सगळे मी एकदम बोलू लागले. रागाने बोलले की प्लेट हलते आणि अर्धे शब्द नाकात जातात.

आईने चूळ भरली. तोंड पुसले.

"काय म्हणालीस? कळलं नाही."

मी पुन्हा बोलले.

"अजून नाही कळलं. सावकाश बोल."

मी प्लेट अंगठ्याने वर दाबली आणि एकेक शब्द सुटा करून तिसऱ्यांदा सांगितले. ओसरीवरून अण्णा म्हणाले, "काय चाललंय मागे?"

"भांडतोय," आईने सांगितले. मग माझ्याकडे वळली. "आता कळलं. पण तुझं नाही पटत मला. तू म्हणतेस हिनं झालं नाही, आणि वर म्हणतेस हिनं होतं. एक काहीतरी धर."

मी पिशवी खाली ठेवली, पायरीवर तिच्या शेजारी बसले, आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली. आईने मिश्रीचे दुसरे बोट भरले होते. माझे सांगून होईपर्यंत ते तिने तोंडात घातले नाही, तसेच धरून बसली.